बागेतले राउंड, पौष ते फाल्गुन

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चाळीस वर्षं मी बुलडाण्यात टेलरिंगचं दुकान चालवलं. संध्याकाळी कितीही झाडून काढलं तरी दुसऱ्या दिवशी मशीनखाली चिंध्यांचा ढीग असायचाच. बागेतल्या गोष्टींचं तसंच आहे. रोज त्याच बाकावर त्याच तीन-चार माणसांबरोबर बसा, एका हिवाळ्यात पोतं भरतं. त्यातले थोडे सांगतो.

जन्मभर बसून काम केल्यानं मला शुगर झाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मुलानं दुकान हातात घेतलं आणि मला सकाळी सहाला घराबाहेर काढलं. बाग आमची मोठी, घाटाच्या कडेला. एक राउंड मारायला माझ्यासारख्याला चांगली बारा मिनिटं लागतात. पौषात तिथं असं धुकं असतं की समोरून येणारा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागतो.

बाकावर आम्ही चौघं. मला सगळे मास्तर म्हणतात. दुसरे सुभाषशेठ, किराणा दुकानवाले, वजनदार माणूस. तिसरे जानराव काका. बीबी गावचे शेतकरी, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले आणि नातवंडांनी परत जाऊ दिलं नाही. चौथ्या पार्वताआजी, उंद्री गावच्या, वय शहात्तर, नऊवारी पातळ. वजन माझ्या शिलाई मशीनपेक्षा कमी असेल. आणि गेटवर रामदास, बागेचा गार्ड. हातात काठी, तोंडात शिट्टी.

*

जानराव काका पहिल्या दिवशी आले तेव्हा तासभर नुसते बसून होते. मग मला हळूच विचारलं, "मास्तर, हे लोक कुठं जाऊन राह्यले?"

"कुठं नाही काका. गोल फिरतात."

"ते लाल स्वेटरवाल्या बाई पाचव्या खेपेला गेल्या. काही हरवलं का त्याहिचं?"

"नाही हो. तब्येतीसाठी चालतात. पाच राउंड झाले त्यांचे."

काकांनी बाईंची पाठ धुक्यात जाईपर्यंत पाहिली. म्हणाले, "औताचा बैल बी दिवसभर फेऱ्याच मारते. पण संध्याकाळी वावर तयार असते. याहिनं इतकं चालून केलं काय?"

दुसऱ्या दिवशी काका चालायला आले ते विळा घेऊन. चालता चालता वाकायचे आणि कडेचं गाजरगवत उपटायचे. एका राउंडला एक भारा. रामदासनं शिट्टी मारली. "काका, बागेत विळा आणायची परवानगी नाही."

काकांनी विळा त्याच्या हातात दिला आणि नुसत्या हातानं उपटायला लागले. "चालाले परवानगी हाय ना? मंग हात रिकामे काऊन ठेवू?"

संक्रांतीपर्यंत अख्ख्या ट्रॅकला गाजरगवताची एक काडी राहिली नाही. लाल स्वेटरवाल्या बाईही तोवर एका राउंडला दोन-तीन रोपं उपटायला लागल्या होत्या.

*

मधल्या हिरवळीवर हास्य क्लब भरतो. एक उत्साही सर सगळ्यांना गोलात उभं करतात, हात वर करायला लावतात आणि हा हा हा म्हणायला लावतात. एकदा शेठनं जानराव काकांना ओढून नेलं.

वीस-पंचवीस माणसं हसत होती. काका मध्ये उभे, चेहरा सरळ.

सर म्हणाले, "काका, हसा."

"काऊन?"

"तब्येतीला चांगलं असतं."

"ते बरोबर हाय. पण झालं काय?"

"काही झालं नाही. असंच हसायचं."

काकांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली. अगदी काळजीनं म्हणाले, "सर, आमच्या बीबीत काही झालं नसता कोणी असा हासला, तर त्याले गाडीत घालून लोणारच्या डॉक्टरले दाखवून आणतात."

आधी पार्वताआजींना हसू फुटलं. मग शेठला. मग सगळा गोल कोसळला. सर तर गवतावर खाली बसले, डोळ्यांतून पाणी. पाच मिनिटांनी श्वास सापडल्यावर म्हणाले, "सात वर्षं क्लब चालवतोय. आज पहिल्यांदा हसू आलं."

*

आता माझा स्वतःचा किस्सा. दुकान सुटलं तरी सवय सुटली नव्हती. सकाळी कपडे घातले की हात आपोआप टेपकडे जायचा आणि टेप गळ्यात. वरून कानटोपी, मफलर; टेपची दोन टोकं तेवढी बाहेर.

पौषात एक गृहस्थ रोज धुक्यात भेटायचे. त्यांनाही कानटोपी, फक्त नाक दिसायचं. मोठ्या आदरानं नमस्कार करायचे. एक दिवस म्हणाले, "साहेब, गुडघा लय दुखून राह्यला. काय करू?"

आता माझ्या बायकोचा गुडघा दहा वर्षं दुखत होता. तिला जे जे सांगितलेलं ऐकलं होतं ते मी सांगितलं. खाली मांडी घालून बसू नका. उतारावर दमानं उतरा. तिळाच्या तेलानं हलक्या हातानं चोळा. वजन थोडं कमी करा. ते मान हलवायचे, मन लावून ऐकायचे. दर आठ-दहा दिवसांनी हकीकत सांगायचे. मलाही बरं वाटायचं. घरी माझं इतकं कोणी ऐकत नाही.

माघ लागला. धुकं गेलं, ऊन लवकर यायला लागलं. एके सकाळी त्यांनी कानटोपी काढली, मी मफलर सोडला. ते माझ्या गळ्याकडे बघतच राहिले.

"हे तर मोजमापाचा टेप हाय."

"हो. मी टेलर आहे."

"मले वाटलं डॉक्टरचं ते ऐकायचं यंत्र हाय." माणूस पार गोंधळला. दोन पावलं मागे-पुढे चालून पाहिलं, गुडघा वाकवून पाहिला. मग म्हणाले, "अन् मंग माहा गुडघा बरा कसा काय झाला?"

"ढिला झाला होता," मी म्हणालो. "टाका मारला."

ते अजूनही मला डॉक्टरसाहेबच म्हणतात. मीही आता दुरुस्त करत नाही. फक्त नवीन दुखणं सांगितलं की खऱ्या डॉक्टरकडे पाठवतो.

*

सुभाषशेठचा मुलगा आणि सून पुण्याला. सुनेनं सासऱ्याला सिम घातलेलं, पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. शेठ इथं चालले की आकडा आणि नकाशातली जागा तिच्या मोबाइलवर दिसणार. आठ वाजेपर्यंत पाच हजार झाले नाहीत की फोन. "पप्पा, आज काय झालं?"

शेठची मजल गेटपासून बाकापर्यंत आणि बाकापासून कचोरीच्या गाडीपर्यंत. सगळी मिळून सहाशे पावलं. चार दिवस त्यांनी बाकावर बसून हात हलवून पाहिला. खांदा धरला. पाचव्या दिवशी त्यांनी घड्याळ काढून जानराव काकांच्या मनगटावर बांधलं. "काका, तुमी फिरताच हाय. हे बी फिरवून आना."

पुण्याहून कौतुक सुरू झालं. "पप्पा, आठ हजार! ग्रेट." शेठ लाजून हो हो म्हणायचे आणि दुसरी कचोरी मागवायचे.

असे दहा-बारा दिवस गेले. मग बीबीला काकांच्या वावरात हरभरा सोंगणीला आला. काका भल्या पहाटेच्या गाडीनं निघून गेले. घड्याळ हातातच.

नऊच्या सुमारास आम्ही कचोरीच्या गाडीजवळ उभे होतो. शेठचा फोन वाजला. सूनबाईंचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. "पप्पा, तुम्ही बीबीला काय करताय?"

शेठच्या तोंडात कचोरी. "अं... दर्शनाले आलो."

"दर्शनाला? अकरा हजार पावलं झालीत तुमची. आणि नकाशात तर शेत दिसतंय. एकाच शेतात इकडून तिकडे, तिकडून इकडे."

"देऊळ वावरात हाय."

तेवढ्यात गाडीवाल्यानं हाळी दिली. मग सूनबाई म्हणाल्या, "पप्पा, त्या देवळात कचोरीवाला ओरडतोय का?"

शेठनं त्या दिवशी कचोरी अर्धी ठेवली. मी त्यांना पहिल्यांदाच काही अर्धं ठेवताना पाहिलं.

सूनबाई रागावल्या नाहीत. तिनं वेगळंच केलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला ती पुण्यात चालायला निघायची आणि शेठ इथं. दोघांच्या कानात फोन. पहिल्या दिवशी शेठ एका राउंडला तीनदा बसले. तिनं सांगितलं, बसा, मी पण थांबते. नातू शाळेत काय म्हणाला, भाजीत काय घातलं, असं बोलत बोलत महिनाभरात शेठचे चार राउंड व्हायला लागले. महाशिवरात्रीच्या आसपास ते तीन पँट घेऊन माझ्या घरी आले. "मास्तर, घसरून राह्यल्या."

मी टेप लावला. चांगले दोन इंच. घड्याळाला फसवता येतं, टेपला नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक नेहमी पँट सैल करून मागतं. लहान करून घेताना इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

*

बागेच्या पूर्व कोपऱ्यात कुंपणाच्या भिंतीजवळ एक उंच काटेसावर आहे. माघात तिच्यावर पान नव्हतं. नुसता काटेरी बुंधा आणि वाळक्या काड्या. बागेचं काम बघणारे साहेब नवीन आले होते. त्यांनी पाहिलं आणि सांगून टाकलं, "झाड मेलंय. पडलं तर कोणाला लागेल. तोडून घ्या."

जानराव काका परत आले होते. ते चालता चालता थांबले. बुंध्याला नखानं ओरखडलं. आत हिरवं. "साहेब, हे मेलं नाही. ह्या दिवसात सावर अशीच दिसते. पंधरा दिवस थांबा."

"आणि नाही फुललं तर?"

"तर कुऱ्हाड म्या आनतो. तुमचा मानूस लागत नाही."

साहेब माणूस चांगले होते. थांबले.

ते पंधरा दिवस आमचं चालणं त्या झाडाभोवतीच. रोज मान वर. वरच्या फांद्यांना काळे गोळे दिसत होते. शेठ म्हणाले, वाळकी फळं आहेत. काका म्हणाले, कळ्या आहेत. पण काकांचा एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यावर कोणी फार भरवसा ठेवेना. आंब्याला मोहोर आला, कडुनिंबाची पानगळ सुरू झाली, सावर आपली तशीच. चौदाव्या दिवशी काका चालले नाहीत, सावरीखालीच बसून राहिले. पार्वताआजींनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "शब्द देऊन बसलो, आजी. झाडाले विचारलंच नाही."

पंधराव्या दिवशी साहेब करवतवाल्या दोन माणसांना घेऊन आले. काका खरंच घरून कुऱ्हाड घेऊन आले होते. धोतरावर स्वेटर, हातात कुऱ्हाड. रामदासनंही शिट्टी मारली नाही. सगळे खाली बघत उभे.

तेवढ्यात वर साळुंक्यांचं भांडण सुरू झालं. आठ-दहा साळुंक्या, नुसता कालवा. आजी वर पाहत म्हणाल्या, "काऊन भांडून राह्यल्या या? वाळल्या लाकडावर काय ठेवलं?"

आणि थप्प आवाज झाला. साहेबांच्या हातातल्या तोडणीच्या फायलीवर वरून काहीतरी पडलं. लालभडक, तळहाताएवढं, जाड पाकळ्यांचं फूल.

आम्ही सगळे भिंतीच्या पलीकडे धावलो. घाटाच्या बाजूनं, सूर्याकडच्या फांद्यांवर, सावर पेटल्यासारखी फुलली होती. पंधरा दिवस आम्ही तिला सूर्य डोळ्यांवर घेऊन, चुकीच्या बाजूनं बघत होतो.

जानराव काका मात्र धावले नव्हते. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, फायलीवरचं फूल सरळ केलं आणि साहेबांना म्हणाले, "घ्या साहेब. झाडानं सोता सही केली."

साहेबांनी फाइल बंद केली. फूल आत ठेवूनच.

*

होळीच्या आधीच्या रविवारी बागेत साठीच्या वरच्या लोकांची चालण्याची स्पर्धा झाली. दोन राउंड, पळायचं नाही. तीसेक माणसं. काही जण नवे बूट, नवे ट्रॅकसूट घालून आलेले. पार्वताआजी नऊवारीत. चपला काढून बाकाखाली ठेवल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या.

पहिल्या राउंडला जानराव काका सगळ्यांच्या पुढं. चाळीस पावलांचं अंतर. आम्ही म्हटलं, नंबर आपलाच. दुसऱ्या राउंडला गुलाबाच्या वाफ्याजवळ पाइप फुटून पाणी वाहत होतं. काका थांबले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, पाइपाला करकचून बांधला, पाणी थांबलेलं पाहिलं आणि मगच निघाले. तोवर वीस माणसं पुढं गेली होती.

मी ओरडलो, "काका, स्पर्धा आहे."

"पानी चाललं होतं मास्तर," ते म्हणाले. "स्पर्धा पुढल्या साली बी हाय."

सुभाषशेठ सातवे आले. सातवे. त्यांनी तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि अख्ख्या बागेला सुनेशी बोलायला लावलं.

पहिल्या आल्या पार्वताआजी. ट्रॅकसूटवाल्यांच्या खूप पुढं, पदर खोचलेला, दम लागलेला नाही. एक पत्रकार पोरगी मोबाइल घेऊन पुढं आली. "आजी, या वयात एवढा वेग. तुमच्या यशाचं रहस्य काय?"

"गॅसवर दूध ठेवून आली माय. सून मोबाइल पाहत बसते," आजी म्हणाल्या. "सरक आता, जाऊ दे मले."

बक्षीस त्यांच्या घरी नेऊन द्यावं लागलं.

*

फाल्गुन निम्मा सरला होता. शाली-स्वेटर घरी राहायला लागले. सकाळी सातलाच ऊन कोवळं न राहता अंगाला लागायचं. पोरांच्या परीक्षा सुरू होत्या, म्हणून खेळायच्या कोपऱ्यात कोणी नव्हतं. तिथं नुकतेच नवे झोके बसवले होते. पिवळ्या पाट्या, चकचकीत साखळ्या.

तिसरा राउंड संपवून आम्ही बाकावर आलो, तर पार्वताआजी बरोबर नव्हत्या. शेठनं बोट दाखवलं. आजी झोक्यापाशी उभ्या होत्या. साखळीला हात लावून पाहत होत्या, कापडाचा पोत पाहावा तसा. मग इकडंतिकडं पाहिलं, पदर सावरला आणि बसल्या. पाय जमिनीला पुरत नव्हते, त्यामुळे झोका हलेना. त्या तशाच बसून राहिल्या.

रामदासनं लांबून पाहिलं आणि आला. शिट्टी मारली नाही, पण आला. आम्हीही उठून गेलो.

"आजी, उतरा बरं. तिथं पाटी लावली हाय. वाचली का?"

"मले कुठं वाचता येते बापू. तू वाच."

रामदासनं वाचलं, "झोके फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी."

"बारा?"

"हाव, बारा."

आजींनी साखळी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "माहं लगन झालं तवा मी अकरा वर्साची होती. आमच्या मायच्या घरी लिंबाले झोका होता. त्याच्यावरून उतरवून हळद लावली मले. उंद्रीले आली, तवाच्या तवा चुलीपुढं बसवलं. त्याच्यानंतर खेळलीच नाही." एका हाताची बोटं उघडून त्यांनी काहीतरी मोजलं. "मंग माहं एक वरीस बाकी हाय का नाही? सांग तूच."

रामदासनं पाटीकडं पाहिलं. आमच्याकडं पाहिलं. जानराव काका दुसरीकडंच बघत होते, त्यांचा ऑपरेशनचा डोळा पुसत.

रामदासनं हातातली काठी झोक्याच्या खांबाला टेकवून ठेवली. आजींच्या मागं गेला. काचेच्या भांड्याला लावावा तसा हात लावला आणि अगदी हळू धक्का दिला. झोका वीतभर पुढं गेला आणि परत आला.

"जोरानं दे," आजी म्हणाल्या.